शंभरात पाच

वॉर्सातल्या त्या तळघरात झेनॉन
हेलियमच्या टाकीत लांब नळी सोडतात.
वरच्या टोकाला ताणलेला रबराचा पडदा,
पडद्यावर अंगठा.
थरथर मंदावली की म्हणतात, "बेचाळीस सेंटिमीटर."
तीस वर्षांत तो अंगठा चुकलेला नाही.

यागोदाचा नमुना करंगळीच्या नखाएवढा.
गॅलियमच्या शंभर जागांपैकी
पाचांवर मँगनीज.
जास्त कोंबलं तर दूध नासावं तसे गोळे होतात.

प्रत्येक मँगनीज आपलं चुंबक घेऊन येतं
आणि एक उणीव:
इलेक्ट्रॉन हवा होता तिथं भोक.
शेजारी एकमेकांपासून लांब, हाकेबाहेर.
भोकच हिंडतं मग दारोदार,
सांगत जातं, तोंड इकडे कर.

पण काही मँगनीज मधल्याच बोळात अडकतं,
दोन-दोन भोकं गिळून
शेजाऱ्याच्या उलट तोंड करून बसतं.
म्हणून बासष्ट केल्विनलाच सगळी पांगापांग.

ईस्टरआधीचा शुक्रवार.
भट्टी एकशेनव्वदवर,
सहा वाजता बंद करायची झेनॉननी.
चार वाजता इस्पितळातून फोन आला.
कोटाचं एकच बटण लावून ते गेले.

मंगळवारी दार उघडताच
तापलेल्या धुळीचा वास.
यागोदानं भट्टीला, स्वतःला, सणाला शिव्या घातल्या.
मग निव्वळ रागानं नमुना थंडीत उतरवला.

क्षेत्र वाढवलं. कमी केलं. शून्यावर आणलं.
आडवा व्होल्टेज शून्यावर यायला तयार नाही.
नव्वद केल्विन. तरी नाही.
एकशेदहा.
एकशेएकोणीसला कुठं सोडलं त्यानं,
आणि रोधाचा आलेखही
तिथंच कुबड काढून उतरला.

गुरुवारी झेनॉन आले. काळा टाय.
"भट्टी माझ्याकडून राहिली."
तिनं आलेख पुढे सरकवला.
बराच वेळ बघून त्यांनी विचारलं,
"म्हणजे आत काय झालं?"
"जे मधेच अडकलं होतं
ते तीन दिवस हळूहळू वर येत राहिलं."
"हं," म्हणाले.
खसखशीच्या केकचा तुकडा
कागदासकट तिच्या टेबलावर ठेवला.
घरी संपत नाहीये, एवढंच बोलले.

मग नळी सोडली. अंगठा ठेवला.
"अडतीस."
थोड्या वेळानं,
"नाही. थांब.
परत बघतो."