मूळ दस्तऐवज

शेवटचा हप्ता एप्रिलात गेला, फॅमिली पेन्शनमधून.
आता बँकेच्या मांजलपूर शाखेत पाणी देतात, पंखा लावतात,
"बेन, फाइल मळती नथी."

सर्टिफाइड नक्कल काढता येते, दिघे वकील म्हणाले,
ग्राहक आयोगात नुकसानभरपाई मागू.
रकमेचा रकाना कोरा ठेवून
अर्ज माझ्याकडे सरकवला.

सातव्या पानावर यांनी सही केली
हजेरीपटावर करायचे तशी, घाईत.
काना राहिला, दाभाडेचं दभाडे झालं.
सबरजिस्ट्रार अमीनना कळलं नाही,
आम्हीच जिन्यात हसत सुटलो.

काना नकलेतही नाही.
पण पान उलटून बोट फिरवलं
तर मागून काहीच लागत नाही.
बॉलपेन दाबून लिहायचे ते.

दिघे घड्याळ बघतात.
"आकडा सांगा, वहिनी."