चौथा मोजा

बाटल्यांना मी लोकरीचे मोजे चढवले,
तेमोचे. टाचेला मीच रफू केलेले.
वर सेफ्टी पिनेनं आकडे टोचले, एक ते पाच.

तेलावीत त्या रात्री वीज नव्हती,
म्हणजे तसे आम्ही सगळेच आंधळे.

गोचा तीस वर्षं कस्टममध्ये होता.
पहिला घोट जिभेवर घोळवून म्हणाला,
“फ्रेंच. लावा पैज.”
निघाली त्याच्याच मेहुण्याच्या मळ्यातली.
मारिका हसून हसून खुर्चीवरून घसरली,
तेवढ्यात मांजरानं चीज पळवलं.

मग चौथा मोजा.
गोचानं नाक मुरडलं, चिठ्ठीवर लिहिलं : गंज.
मारिकानं : अक्रोडाची साल, ओला कुत्रा. दहापैकी दोन.
मीही हसले. हसावंच लागलं.

लामारानं काहीच लिहिलं नाही.
पेला मेणबत्तीपुढे धरून
बसून राहिली. मग हळूच, फक्त मला :
“गारपिटीच्या वर्षाची ना?
द्राक्षं तुडवायच्या आधी
पाय धुवायलाच विसरला होता तो.”

आणि जरा थांबून,
“किती उरल्यात अजून?”

मी पाचवी ओतायला घेतली.
चौथीचा मोजा
उतरवलाच नाही.