तार

आमच्या कोअरशॉपात आम्ही पोकळी बनवतो.
हसू नका. बनवावी लागते.
पंपाच्या पोटात पाणी जिथून वळून वर चढतं
तेवढी जागा आधी वाळूत घडवायची,
शंखासारखी, दोन तळहातांवर मावेल एवढी.
मग तिच्याभोवती लोखंड ओततात
आणि ते निवलं की
आमची वाळू ठोकून बाहेर काढतात.
बिलात वजन फक्त लोखंडाचं.

त्या मार्चात कुपवाडात
शंभरातले चाळीस नग परत आले.
ब्लोहोल. दाढ किडावी तशी भोकं.
सुकुमार चौगुले कागद घेऊन फिरला,
आणि ज्याच्यापाशी थांबला त्यानं पुढच्याकडं बोट केलं.
मोल्डिंगवाले म्हणाले, कोअर ओली.
आम्ही म्हणालो, वाळूच तशी आली.
वाळूवाला बाळगोंडा म्हणाला, भट्टी थंड धरतोय यल्लाप्पा.
यल्लाप्पा काही म्हणाला नाही.
त्यानं तोंड भट्टीकडं केलं, पाठ आमच्याकडं.

तीन आठवडे चहाचे दोन थर्मास.
मैमूनचा डबा नि माझा एकाच फळीवर,
पण बोलणं "सरक जरा" एवढंच.

नबीलाल ग्राइंडरवरचा.
सगळ्यांच्या चुका शेवटी त्याच्याच हाताखालून जातात,
पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.
शनिवारी, पगाराच्या आधी,
त्यानं परत आलेलं एक केसिंग मशीनवर उभं चिरलं,
दोन शकलं चहाच्या बाकावर मांडली.
"बघा की. मला दिसतंय ते तुमाला दिसतंय का?"

आम्ही वाकलो.
यल्लाप्पाचं डोकं माझ्या डोक्याला लागलं.
भोकं सगळी आतल्या वळणाशी. माझ्या वळणाशी.
म्हणजे वाफेला वाट मिळाली नव्हती,
म्हणजे तार शेवटपर्यंत आत गेली नव्हती,
म्हणजे फेब्रुवारीत तुटलेली तार
मी तशीच अर्धी वापरत होते,
कारण नवी मागायची
तर चौगुलेपुढं उभं राहायला लागलं असतं.

हे मी मोठ्यानं म्हणाले.
कसं म्हणाले, आठवत नाही.
ग्राइंडर बंद होता एवढं आठवतं.

बाळगोंडा खाकरला.
"वाळूबी ओलीच दिली म्या. चाळणी फाटलीय, दिवाळीपास्नं."
यल्लाप्पा शकलाशीच बोलल्यासारखा,
"घाईच्या दिवशी रस थंडच वतला."
चौगुले कागद बघत राहिला,
मग तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं,
तार. चाळणी.
जरा वेळानं तिसरं, घाई,
आणि त्याच्यापुढं स्वतःचं नाव.

नंतर सगळं गोड झालं असं नाही.
मैमून अजून माझी फळी अडवते.
एप्रिलात अकरा नग परत आले, मेमध्ये सात,
जूनमध्ये पुन्हा नऊ.

पण तार आता खिळ्याला असते,
मोल्डिंगच्या नि आमच्या मधल्या खांबावर.
कुणीही नेतं. परत येते ती बहुतेक वाकडी.
ज्याला वाकडी दिसेल त्यानं सरळ करायची,
कुणी वाकवली ते नंतर विचारायचं.
यल्लाप्पा ती गुडघ्यावर घेतो,
अंगठ्यानं दाबत दाबत नेतो टोकापर्यंत.
माझ्याहून सरळ करतो.
मी अजून त्याला तसं सांगितलेलं नाही.