थोडं मागे येतं

एकोचं टेबल गार. डाव्या कुशीवर वळा, म्हणाली नेमा डॉक्टर,
वयानं माझ्या भाचीएवढी.
बरगडीवर जेली, आणि पडद्यावर
मूठभर अंधार उघडमीट करत होता.

"हे दार बघा काकू. दोन पाकळ्या.
रक्त आत आलं की मिटायचं, गच्च.
तुमचं मिटतं, पण फट राहते.
थोडं मागे येतं."
तिनं बटण दाबलं,
काळ्यातून एक निळी-पिवळी फुणगी
उलट्या दिशेनं उडाली.
पुन्हा उडाली.

मला कळलं, पण तिच्या भाषेत नाही.

रामबागेत आमच्या मागच्या अंगणात विहीर आहे.
नर्मदेचं पाणी दिवसाआड, म्हणून तिचा भरवसा.
गेल्या वैशाखात मोटर तास-तास चालायची
आणि टाकी अर्धीच.
बंद केली की पाइपातलं पाणी गुळगुळत खाली उतरायचं.
युसुफ मिस्त्री म्हणाला,
"भाभी, मोटर में खोट नहीं. फुटव्हॉल्व्ह लीक है.
बेचारी एक ही पानी दो-दो बार चढ़ा रही है."

तेच.
म्हणून जिन्याच्या दुसऱ्या वळणावर
मी भाजीची पिशवी खाली ठेवते
आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्याचं दाखवते.
म्हणून रात्री तिसरी उशी.

"लहानपणी सांधे सुजले होते?"
सुजले होते. नववं वर्ष.
आज गुडघा, उद्या मनगट, ताप नुसता हिंडत होता अंगात.
दर एकवीस दिवसांनी आई टांग्यातून न्यायची,
कमरेत पेनिसिलिन,
परतताना कागदात एक जिलबी.
मग एकोणिसाव्या वर्षी देवासचं स्थळ आलं.
कुमुदआत्या म्हणाली,
पोरीच्या छातीत आवाज आहे हे बाहेर जायला नको.
इंजेक्शनं थांबली.
आवाज नाही थांबला.

अडतीस वर्षं झोपले यांच्या शेजारी,
कानापासून वीतभर अंतरावर ते गुपित,
धप्-श्श, धप्-श्श,
आणि दर वटपौर्णिमेला एक जास्तीचा फेरा,
कशाचा ते न सांगता.

बाहेर हे बाकावर बसले होते,
मांडीवर माझी पर्स, पायाशी माझ्या चपला.
मी सगळं सांगितलं. आत्याचंही.
हे बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिले.
मग म्हणाले, "ऐकू यायचं की.
मला वाटायचं, सगळ्या बायकांचं असंच वाजतं."

हसू आलं, आणि दम लागला.

आता सकाळी पाणी उतरवायची गोळी.
सहा महिन्यांनी पुन्हा एको. मग बघू,
पाकळी शिवायची की दार बदलायचं.
मीठ कमी. शेव बंद.
इंदुरात राहून शेव बंद!
दाताच्या डॉक्टरला आधी सांगायचं.
सगळ्यांना आधी सांगायचं.

काल जिन्यात, दुसऱ्या वळणावर,
यांनीच पिशवी खाली ठेवली
आणि खिडकीपाशी उभे राहिले.
मीही राहिले.
समोरच्या पत्र्यावर खरंच एक पारवा होता,
काडी चोचीत, पुन्हा पुन्हा पडणारी.