बदलीची बाई

ब्लाझेना, हे मोठ्या वहीत लिहीत नाही.
ती एजन्सीवाले तपासतात,
तिथं फक्त रक्तदाब, शौच, किती पाणी, सही.
ही वाणसामानाच्या यादीची मागची पानं.

गाडी सहाला येते. तू उतरशील, मी चढेन.
मधली सात-आठ मिनिटं बॅगा ओढण्यात जातात,
ड्रायव्हर इंजिनसुद्धा बंद करत नाही.
चार वर्षांत आपण एकदाही समोरासमोर बसून कॉफी प्यायलो नाही
आणि झोपतो मात्र एकाच पलंगावर,
एक पंधरवडा तू, एक मी.
उशीला पडलेला खळगा कुणाचा, मला आता सांगता येत नाही.

तर ऐक.
नोटबुर्गाबाई पुन्हा गोळ्या थुंकायला लागल्यात.
मंगळवारी तिन्ही वेळा थुंकल्या.
बुधवारी मी गोळी पाकिटात घातली,
वर जुनं तिकीट चिकटवलं, दार वाजवलं,
म्हटलं, रजिस्टर आहे, सही लागेल.
ताठ बसल्या. चष्मा मागितला.
एकतीस वर्षं पोस्ट सांभाळलंय या बाईनं,
हिवाळ्यात पायाला स्की बांधून वरच्या वस्त्यांवर टपाल नेलंय,
आलेलं पाकीट नाकारणं तिच्या रक्तात नाही.
तिकिटं खणात आहेत. बत्तीस उरलीत. पुरवून वापर.

डावी टाच लाल झालीय, नाण्याएवढी.
उशी पोटरीखाली दे, टाचेखाली नको.
अंघोळीचं पाणी मनगटाच्या आतल्या बाजूनं बघ,
माझी बोटं हल्ली खरं सांगत नाहीत.

शनिवारी ग्राझहून मुलगा आला होता.
केक आणला. जाताना मला म्हणाला,
तुम्ही म्हणजे आता घरच्याच.
आणि प्रवासाचे चाळीस युरो कापून पाकीट दिलं.
घरच्यांचे कापतात का, असं विचारायचं होतं,
पण माझं जर्मन अशा वेळी चुलीमागे जाऊन बसतं.
वाईट नाही तो.
आईचा हात कसा धरायचा, ठाऊक नाही, एवढंच.
मी दाखवलं. दोन मिनिटं धरला.

रात्री दोनला उठतात.
खिडकीशी जाऊन बाहेरच्या बर्फाला विचारतात, डाक सुटली का?
नाही म्हणालीस तर कोट चढवतील.
सुटली म्हण.
पहिली दोन वर्षं मी खरं सांगायचे.

माझ्या घरी पोचायला अकरा तास.
तिथं माझी आई.
मी इथं असते तेव्हा तिच्याकडे शेजारची इर्मा येते,
तिला मी महिन्याला ऐंशी युरो देते.
म्हणजे मलाही एक बदलीची बाई आहे.
इर्माच्या सासूकडे कोण बघतं,
ते मी अजून विचारलेलं नाही.
विचारणारही नाही बहुतेक.

काल त्यांचे पाय पुसत होते.
खाली वाकलेल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या,
ब्लाझेना, तुझे केस पिकायला लागले गं.
मी नाव दुरुस्त केलं नाही.
घरी गेल्यावर आरशात बघेन.
तूही बघ.

फ्रीजमध्ये बटाट्याचं सूप आहे, परवापर्यंत टिकेल.
तुझ्या लेकीच्या परीक्षेचं काय झालं?
इथंच लिहून ठेव, अंडी आणि साबणाच्या मागे,
पंधरा दिवसांनी वाचते.

वळणावर दिवे दिसतायत.
सपाता दाराशी काढून ठेवल्यात, अजून गरम असतील.
उजव्या पायाची शिवण उसवलीय.
घालायची राहिली.