कलम पंचवीस

कोलासो मॅडम फळ्यावर लिहितात : कन्सिडरेशन.
मी समासात लिहिते : प्रतिफल.
ते खोडून : मोबदला.
मग काहीच न खोडता, खाली, बारीक अक्षरात :
बाबांची निळी वही.

साडेसहाचा वर्ग. फोर्टात, चौथा मजला,
लिफ्ट बंद.
आणि मी लिफ्टच्याच कंपनीत, खरेदी खात्यात, अकरा वर्षं.
वकील व्हायचं नाही मला.
या पदवीनं काळा कोट मिळत नाही,
हे घरी तीनदा सांगून झालं, सासूबाईंना चारदा.
"मग शिकून करणार काय?"
करार वाचणार, म्हटलं.
"ते तर तू आत्ताही वाचतेस."
आत्ता मी फक्त पाठवते.

शेजारी तांबोळी. विमानतळावरच्या
जेवणाच्या ट्रॉल्यांचे ठेके बघतो.
दर तासाला त्याचा एकच प्रश्न, "म्हणजे दोष कोणाचा?"
"दोष नाही, तांबोळी. जोखीम.
जोखीम कोणाच्या गळ्यात, ते विचारा."

बाबा खैरानी रोडच्या गाळ्यात लेथवर उभे असत.
ऑर्डर यायची तोंडी :
"पांचाळ, परवापर्यंत शंभर बुश."
"देतो."
प्रस्ताव, स्वीकृती...
मॅडमना दोन तास लागले, बाबांना एक शब्द.
वहीत नावं, नावांपुढे आकडे,
पैसे आले की टीक,
आणि टीक नसेल तिथे एवढाच शेरा :
शब्दावर.
गिरकर, अठरा हजार चारशे, शब्दावर.
त्या वर्षी माझी सहल राहिली. कुठली ते आता आठवत नाही.

शब्द द्यावा, टाकावा, राखावा, फिरवावा,
खाली पडू देऊ नये.
आपल्यात शब्दाला केवढी कामं.
मॅडम म्हणतात, छान. आता लिहून काढा.

कलम पंचवीस :
प्रतिफलाशिवाय करार व्यर्थ.
अपवाद पहिला, जवळच्या नात्यातली माया.
पण ती लेखी हवी, आणि नोंदवलेली.
वर्ग हसला. तांबोळी हसला नाही,
त्याचं भावाशी घरावरून चाललंय.
अपवाद तिसरा, मुदत टळलेलं कर्ज.
देणेकऱ्यानं पुन्हा लिहून दिलं, सही केली,
तर मेलेला आकडा उठून बसतो.

रविवारी मी मरोळला गेले, धावतच म्हणा ना.
बाबा, गिरकरांकडून एक ओळ घेऊ. एक सही.
बाबा नखं चोळत बसले,
तेल निघून गेलंय, सवय राहिलीय.
"गिरकर गेला. चार वर्षं झाली.
खांदा दिला मी."
मग अजून टीक का नाही केली?
"टीक म्हणजे पैसे आले.
आले नाहीत, तर कशी करू?"

सोमवारी फोन. "मॅडम, नेरूळकर बोलतोय,
स्प्रिंगांचं बिल..."
आणि माझ्या तोंडून, नेहमीच्या गोडव्यानं :
प्रक्रियेत आहे.
फोन ठेवला. आमचाच करार काढला, अट चौदावी :
समाधानकारक तपासणीनंतर नव्वद दिवसांत.
समाधान कोणाचं, लिहिलेलं नाही.
मसुदा माझाच. खाली माझी आद्याक्षरं.
त्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये कुठल्या रंगाची वही असेल?

पुढच्या मसुद्यात नव्वद खोडून पंचेचाळीस केले.
'समाधानकारक' काढलं, तिथे तारीख टाकली.
साहेबांनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय.
फाइल त्यांच्याच टेबलावर आहे.
प्रक्रियेत.

परीक्षेत आलं : प्रतिफल म्हणजे काय? सोदाहरण. गुण पाच.
मी लिहिलं : 'क'नं 'ख'ला शंभर बुश दिले.
'ख'नं शब्द दिला.
पुरवणी मागून घेतली.
'क'च्या नखांत तेल होतं,
एवढी ओळ मात्र नंतर खोडली.