एक सूत

वेदश्री शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच
माझ्या खाटेपाशी उभी राहिली.
"आजोबा, तुमची पट्टी खोटी आहे."
बारा सेंटिमीटरची रेघ. हिरेमठ टीचरनी मोजली,
मिलिमीटरभर जास्त भरली.
अर्धा गुण गेला.

पट्टी पितळेची. उद्यमबागेत
एकतीस वर्षं माझ्या खिशात होती.
खोटी न्हाई गं, म्हटलं. लांब हाय.
मुद्दाम.

ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं.
म्हणून सागवानाचा पॅटर्न आधीच करायचा
फुटाला एक सूत मोठा.
ही पट्टी तेवढी ताणूनच आखलेली,
दर वेळी हिशेब नको.
"म्हणजे आधीच चुकायचं?"
व्हय. पण मापात.

ती खाटेवर चढून बसली, चुरमुऱ्यांची वाटी मधे.
"तुम्हाला कुणी शिकवलं?"
ईरप्पा बडिगेरनं.
"लगेच आलं?"

इथं मी थांबलो.
आत तिची आई भाकरी थापत होती,
तिचाही हात थांबला.
या घरात हे कुणी विचारलं नव्हतं.

सांगितलं मग.
वीस वर्षांचा होतो. अनगोळच्या आम्हा पोरांनी
देवळात शपथ घेतलेली, कानडीत बोलायचं नाही.
ईरप्पाला मराठी यायची, बाजारापुरती.
शिकवायला लागला की त्याला
स्वतःचीच भाषा लागायची.
महिनाभर मी नुसती मान हलवली.
सहा पुल्या ओतल्या,
सहाच्या सहा शाफ्टवर चढेनात.
मालकानं आवारात रांगेनं मांडल्या,
येता-जाता मला दिसाव्यात म्हणून.

"रडलात?"
रडलो. संडासात, कडी लावून.
"मग?"
मग ईरप्पानं त्याची साधी पट्टी
आणि ही, शेजारी शेजारी ठेवली.
म्हणाला,
आरिद म्याले कुग्गतैति.
मी विचारलं, एन?
तेवढ्यावर शपथ संपली, दोन अक्षरांत.

वेदश्री हसली. "पुस्तकात कुग्गुत्तदे असतं, आजोबा."
असंल. ईरप्पाचं पुस्तक कुठं होतं.
तिनं वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य
कन्नडमध्ये लिहून माझ्यापुढं धरलं.
पन्नास वर्षं तोंडात असलेला शब्द,
कागदावर ओळखता येईना.
गोल, गोल. रांगेनं मांडलेल्या पुल्या.

दिवे लागले. वाटीत शेंगदाणे तेवढे उरले,
ते तिनं माझ्याकडं सरकवले.
"माणसंपण आकसतात का, गार झाल्यावर?"
ईरप्पा शेवटी शेवटी आकसलेला, म्हटलं.
दवाखान्याच्या खाटेवर पोरगं निजल्यासारखा.
बोलण्यात मात्र न्हाई. नर्सलासुद्धा माप सांगायचा.
"आणि तुम्ही?"

दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा आहेत,
दर दिवाळीची एक.
तिनं मला तिथं उभं केलं, टाचा टेकवून,
स्टुलावर चढून डोक्यावर पेन्सिल ओढली,
पितळी पट्टीनं मोजलं.
पाच फूट चार.
कारखान्याच्या जुन्या कार्डावर पाच सहा आहे.

पट्टी लांब हाय ना, मी म्हटलं,
म्हणून कमी भरलो.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"दोन इंच म्हणजे सोळा सुतं.
पट्टीची पाच धरली तरी
अकरा उरतात, आजोबा."

उरतात.

आतून जेवायला हाक आली. दोघंही हललो नाही.
"तुम्हाला भीती वाटते?"
रात्रीची कधी कधी. दिवसा न्हाई.
तिनं मान हलवली,
कळल्यासारखी; मला ती हलवणी माहीत आहे.
कळलं न्हाई तर विचार, म्हटलं.
"विचारीन की. उद्या."

मग दप्तर उचलताना:
"टीचरना सांगू, पट्टी खोटी नव्हती म्हणून?"
सांग. कानडीत सांग, नीट.
अर्धा गुण मात्र मागू नकोस.
रेघ चुकलीच होती.